किल्ली त्याच्याकडं, मशीन माझ्याकडं

आदिलाबादहून नवा फोटो प्रिंटर आणला. दुकानदाराशी इतकी घासाघीस केली की शेवटी त्यानं कागदाची दोन पाकिटं फुकट टाकली आणि हात जोडले. "अब जाओ अन्ना, दूसरे गिराक को भी देखने दो." मी खुशीत जैनथला माझ्या दुकानात आलो, खोकं फोडलं, वायर जोडली, तर कॉम्प्युटरनं प्रिंटरला ओळखच दाखवली नाही.

त्यात प्रिंटरचा दोष नव्हता. माझ्या कॉम्प्युटरची सिस्टम जुनी. इतकी जुनी, की बनवणाऱ्यांनीच तिच्याकडं पाहणं सोडून दिलं आहे. आधी ऑनलाइन अर्जाच्या साइटी उघडेनाशा झाल्या. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, सर्व्हर डाऊन आहे. शेजारच्या दुकानात मात्र सर्व्हर चालू असायचा आणि लोक तिकडं जायचे. आता पासपोर्ट फोटोवर आलं. माझा फोटो स्टुडिओ आहे. पण लग्नाचं शूटिंग हल्ली घरचीच माणसं मोबाइलवर उरकतात. पासपोर्ट फोटो आणि अर्ज, यावरच आमची चूल पेटते.

"त्या डब्ब्यापायी दुकान बंद पाडता काय?" बायको म्हणाली. "नवीन सिस्टम टाकाले काय होते?"

काय होतं ते तिला चांगलं माहीत आहे. म्हणून तर ती त्याला डब्बा म्हणते.

तो कॉम्प्युटर दोघांनी मिळून घेतला होता. मी आणि माझा पार्टनर. आम्ही एकाच मराठी शाळेत शिकलो, दोघांचेही बाप दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. जुना व्हिडिओ कॅमेरा घेऊन आम्ही लग्नाची कामं करू लागलो. भीमपूर, तलमडुगु, नदीपलीकडची गावंसुद्धा. काम आणायचं मी, भाव ठरवायचा मी, वसुली माझी. शूटिंग आणि मिक्सिंग त्याचं. बुद्धवंदनेच्या वेळी कॅमेरा कुठं धरायचा, हळदीत कोणत्या मामीचा चेहरा टाळायचा, तेलुगू गाण्याचा कोणता तुकडा कुठं घालायचा, हे त्याला न सांगता कळायचं. मला अजूनही कळत नाही. मला माणसाच्या खिशाकडं बघून भाव कळतो.

मिक्सिंगचं सॉफ्टवेअर महागाचं होतं. त्याच्यासोबत अंगठ्याएवढी एक किल्ली यायची. ती कॉम्प्युटरच्या मागं लावली तरच सॉफ्टवेअर उघडायचं. चोरीच्या कॉपी कोणी वापरू नयेत म्हणून केलेली सोय होती ती.

सगळं जोडून झालं की फिल्म रेंडरला लावायची, म्हणजे तुकडे, गाणी, वरून पडणारी फुलं, सगळं एकत्र शिजायला ठेवायचं. त्याला बराच वेळ लागे. तेवढ्यात मशीनला हात लावला की ते अडकायचं आणि सगळं पहिल्यापासून. इन्व्हर्टर टिकावा म्हणून आम्ही पंखासुद्धा बंद करायचो. मग करणार काय? दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचो. लग्नाच्या दिवसांत ज्यांना जेवायला फुरसत नाही, असे दोन जण भर दुपारी नुसते बसलेले. तो जेवणाचा डबा उघडायचा. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. अर्धी माझ्याकडं सरकवायचा. मध्येच आत जाऊन कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर पालथा हात ठेवून यायचा.

"ताप आला बे याले," म्हणायचा.

"काढा दे," मी म्हणायचो.

इतकंच. फार मोठं काही बोललो असू असं आठवत नाही. आता म्हणे नव्या मशीनवर तेच काम चुटकीसरशी होतं. होत असेल. मग लोक कुठं बसतात?

बिघडलं ते एका मास्तरमुळं. आमच्याच शाळेतले, निवृत्त होऊन तलमडुगुला राहिलेले. मुलीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला आले. मी भाव सांगितला. चढा सांगितला, मान्य आहे. चढा सांगितल्याशिवाय उतरायला जागा कुठून राहणार? मास्तर गप्प बसले. मी वाट बघत होतो, कारण गप्प बसणं हासुद्धा सौद्याचा भाग असतो. तेवढ्यात माझा पार्टनर माझ्या देखत म्हणाला, "सर, तुमी निम्मेच द्या. हा असाच बोलते."

हा असाच बोलते. गिऱ्हाइकासमोर. मी उभा केलेला धंदा त्यानं तीन शब्दांत आडवा केला. मास्तर गेल्यावर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आजही तो प्रसंग आठवला की माझ्या कानशिलाची शीर उडते. चूक त्याचीच होती.

वाटणी झाली. तो म्हणाला, तुला काय हवं ते आधी घे. मी कॉम्प्युटर मागितला. त्यानं एका शब्दानं घासाघीस केली नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. त्यानं कॅमेरा, दिवे, स्टँड उचललं आणि भीमपूरला दुकान टाकलं. दुसऱ्या दिवशी मी मशीन चालू केलं तर ते किल्ली मागू लागलं. मागचं छिद्र रिकामं. निरोप पाठवला, तर उत्तर आलं की कॉम्प्युटर वाटणीत होता, किल्ली नव्हती.

पुन्हा मागितली नाही मी. त्यानंही दिली नाही. त्या मशीनवर मी फोटो काढत राहिलो. आमची सगळी लग्नं तिथंच आत बंद आहेत.

प्रिंटर अडला तेव्हा आदिलाबादच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलतो. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "सेठ, नया सिस्टम डालेंगे तो ये मिक्सिंगवाला नई चलेगा. चाबी लगाए तो भी नई. देख लो, बाद में मेरे कू नक्को बोलना."

"चाबी लगाए तो भी?"

"बिल्कुल नई."

मी त्याच्या मजुरीवर वाद काढला. मग डेटा वाचवण्यावर. मग डिस्कवर. तो वैतागला. "सेठ, तुम्हारे कू पैसे का प्रॉब्लेम नई है. क्या है बोलो."

मी त्याला चहा सांगितला आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. नंबर मोबाइलमध्ये होताच. कधी खोडला नव्हता.

"कोन?" पलीकडून आवाज आला.

"जैनथवरून बोलून राह्यलो."

मग, "बोल."

"मशीनवर नवीन सिस्टम टाकून राह्यलो. मंग तुही किल्ली चालनार नाही. नंतर म्हनशील, इचारलं नाही."

"अजून जुनीच हाय?"

"हाय."

"काऊन बे? किल्लीशिवाय तर उघडत नाही थे."

"मले माहीत नाही काय? तू थे सांग, किल्ली हाय का फेकली?"

"जुडग्यात हाय. शटरच्या चाब्यायसंगं. रोज हाती लागते."

मला वाटलं होतं, तो म्हणेल हरवली. म्हणाला असता तर मी आत जाऊन "डाल दो" म्हणालो असतो.

"मंग आन इकडं," मी म्हणालो.

"तू आन मशीन."

"मी काऊन आनू? भाव तू तोडला होता."

"मास्तर होते थे आपले. डोळ्यात पानी आलं होतं त्यायच्या."

"सौदा करतानी माह्याही डोळ्यात येते. अन् मले त्यायनं तुह्यापेक्षा जास्त झोडपलं होतं, याद हाय ना?"

तो हसला. तसाच, आधी नाकातून आणि मग पोटातून. मी फोन कानाला घट्ट धरून ठेवला.

"मंग आदिलाबादले ये," तो म्हणाला. "दोघायले मधात पडते. बसस्टँडवर भेटू."

"बसस्टँडवर मशीन कुठं लावू? कंडक्टरच्या डोक्यात?"

"पाहू मंग," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

पाहू. आमच्या धंद्यात हा शब्द मी हजारदा ऐकला आहे. "पाहू" म्हणून पायरी उतरलेलं गिऱ्हाईक बहुतेक परत येत नाही. पण कधी कधी ते रस्त्याच्या वळणापर्यंत जातं आणि उगाच चप्पल झटकत उभं राहतं. तेव्हा आपण हाक मारायची नसते. जो आधी हाक मारतो त्याचा भाव पडतो. हे मी आयुष्यभर पाळलं. आज हाक मारून झाली होती, आणि आता पुन्हा मारणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

आत गेलो. दुरुस्तीवाला बटणावर बोट ठेवून बसला होता. "दबाऊं?"

"रहने दे. कोई पुराना लॅपटॉप है क्या तेरे पास, नये सिस्टमवाला?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. एक मशीन धड असताना दुसरं विकत घेणारा मी नव्हे, हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे. लॅपटॉपचा भाव करताना मात्र मी त्याला सोडलं नाही.

प्रिंटर आता लॅपटॉपवर चालतो. अर्जाच्या साइटी उघडतात, सर्व्हर डाऊन होत नाही. बायको म्हणाली, "मंग या डब्ब्याले काढा ना आता."

"तुही जागा खाते काय थो?" मी ओरडलो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिनं त्याच्यावर धुतलेलं फडकं टाकलं होतं.

सकाळी दुकान उघडलं की मी फडकं काढतो आणि ते मशीन थोडा वेळ चालू करतो. मागच्या छिद्रात फुंकर मारतो. धूळ बसली की किल्ली धरत नाही, असं तोच म्हणायचा. तेवढ्यात समोर आदिलाबादची बस थांबते. मी मान वर करतो, कोण उतरलं ते पाहतो, आणि लॅपटॉप उघडतो.