उदबत्तीवाल्यांच्या गल्लीतली पोरं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. देवापुढे हात जोडतानाही मनात येऊ दिलं नाही. आता लिहिते आहे तेही मराठीत, कारण माझी मुलं कन्नड वाचतात. माझी शाळा निपाणीला चौथीपर्यंत झाली, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. गोष्ट मात्र सांभाळून घेण्यासारखी नाही.

लग्न होऊन बंगलोरला आले आणि पुढे बसवनगुडीकडच्या एका दवाखान्यात आया म्हणून लागले. बुधवारी लहान पोरांना लस टोचायचे. टोचायच्या सिस्टर, पोर मांडीवर घेऊन धरायचं काम माझं. सहा वर्षं मीच धरलं. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, पण मांडीवर पोर असलं की बोलावं लागत नाही ना? ते पाय झाडतं, आपण घट्ट धरायचं, सुई निघाली की पाठीवरून हात फिरवायचा. जगात तेवढं एक काम माझं होतं.

मग दुसरी आया म्हणून कमला आली.

तिचं वाईट काय सांगू? काही नव्हतंच. माझ्याहून लहान, काळीसावळी, सतत बोलणारी. कन्नड, तमिळ, तेलुगू — समोर जी बाई येईल तिची भाषा. पोराला मांडीवर घेऊन विचारायची, "काय रे, सासुरवाडीला निघालास का एवढं काजळ घालून?" आई हसायची, पोर बघत राहायचं, तेवढ्यात सुई टोचून व्हायची. महिन्याभरात बायका दारातूनच हाक मारायला लागल्या — "कमलक्का आहे का?" माझं नाव सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

एका बुधवारी सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सुशीला, तू धरलंस की सुई दिसायच्या आधीच पोर रडतं. तू आपली पेटी भर." सगळ्या हसल्या. कमलाही हसली. नंतर जवळ येऊन म्हणाली, "अक्का, मनावर घेऊ नका हं." तेच जास्त लागलं. ती वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं!

पेटी म्हणजे लशी थंड ठेवायची निळी पेटी. ती भरायची एक रीत असते. फ्रीजरमधून काढलेले बर्फाचे पॅक लगेच घालायचे नाहीत. थोडा वेळ बाहेर ठेवायचे, हलवून आत पाणी खळखळलं की मग घालायचे. कारण ट्रिपलची लस — डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात यांची — थंड हवी, पण गोठता कामा नये. एकदा गोठली की मेली. पुन्हा वितळली तरी उपयोग नाही. म्हणून तिच्या बाटल्या कागदात गुंडाळून मधोमध ठेवायच्या. हे मला झोपेतही येत होतं. चुकलं असं मी म्हणू शकत नाही.

आमच्या मागच्या बाजूला उदबत्ती वळणाऱ्या बायकांची गल्ली होती. त्या आपल्या पोरांना टोचायला आणायच्याच नाहीत. ट्रिपल टोचली की पोराला ताप येतो, मग आईचा हात दिवसभर अडकतो — उदबत्त्या कुणी वळायच्या? कमला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली, गप्पा मारत त्यांच्याबरोबर उदबत्त्या वळू लागली. महिनाभर गेली. शेवटी त्या तयार झाल्या. सिस्टर म्हणाल्या, "कमला, हे तुझंच काम गं." मी फडकं पिळत तिथेच उभी होते.

त्या बायका यायच्या होत्या त्या बुधवारी मी पॅक फ्रीजरमधून काढले आणि तसेच, दगडासारखे, पेटीत घातले. ट्रिपलच्या बाटल्यांचा कागद काढला. बाटल्या बर्फाला टेकवून ठेवल्या.

मला काय हवं होतं? सिस्टरनी पेटी उघडावी, लस गोठलेली दिसावी, फेकून द्यावी. बायका परत जाव्यात, कमलाला बोलून जाव्यात. एवढंच मी ठरवलं होतं — पोरांचा विचार मी केलाच नाही.

पण पेटी उशिरा उघडली. तोवर लस वितळली होती. मी बाटली काढून ठेवली तेव्हा वर निवळ पाणी होतं आणि तळाशी पांढरे कण बसले होते. गोठून मेलेल्या लशीची हीच खूण. सिस्टरसमोर दारापर्यंत रांग. त्यांनी बाटली हलवली, कमलाच्या कुठल्याशा बोलण्यावर हसल्या आणि सुई भरली.

एक शब्द पुरला असता. सांगू? तो माझ्या जिभेवर होता. पण मग विचारलं असतं, पेटी कुणी भरली? एक पोर झालं, दुसरं झालं. चौदा झाली. मी प्रत्येकीला कापूस दिला.

पुढच्या महिन्यात त्या चौदांतल्या एकीला, गल्लीतल्या मुनियम्माच्या मुलीला, डांग्या खोकला झाला. खोकता खोकता निळी पडायची. एका सुईनं पुरतं रक्षण होत नाही, चांगली लस मिळूनही तिला तो झाला असता कदाचित — हे मला कळतं, पण त्याआड मी लपणार नाही. पोर वाचली. मुनियम्मा मात्र दवाखान्यात येऊन कमलाला म्हणाली, "माझ्या ओट्यावर बसून, माझी कॉफी पिऊन खोटं बोललीस!" दुसऱ्या सुईला त्या गल्लीतलं एकही पोर आलं नाही. कमला दारोदार गेली, दारं उघडली नाहीत. मी तेव्हाही सांगू शकले असते. सिस्टर त्या पोरांना पहिल्यापासून पुन्हा टोचायला गेल्या असत्या. मी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी कमला मांडीवर पोर घेऊन बसली होती. सुई भरली गेली आणि ती एकदम उठली. पोर माझ्याकडे देत म्हणाली, "अक्का, तुम्हीच धरा. माझ्या हाताला यश नाही."

तिचे डोळे भरले होते. मी बसले, पदर सारखा केला, पोर मांडीवर घेतलं. त्याचे पाय धरले.

आणि मला आनंद झाला. पेटीचं कदाचित कधीतरी बोलून गेले असते. हे कुणाला सांगितलं नसतं.