मोठ्या दिसणाऱ्या तलंगा

मी कोंबडीचा पंख उलगडून धरला होता आणि आमच्या खात्याचे साहेब घड्याळ बघत होते. मागे मंडप तयार होता. कोपरजवळच्या गावठाणातल्या बायकांना दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते कोंबड्या वाटायच्या होत्या. पशुवैद्यक म्हणून वय तपासून ओके देणं माझं काम.

"सर, या पाच महिन्यांच्या नाहीत. तीनच्या आहेत."

"काय बोलताय मॅडम! साइज बघा ना."

साइजच फसवी होती. अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबडीला तलंग म्हणतात. सप्लायरनं या तलंगांना ब्रॉयलरचं खाद्य चारून फुगवलं होतं. वजन खाद्यानं वाढतं. पिसं मात्र आपल्या वेळेनंच बदलतात, दुधाच्या दातांसारखी. पिलाची पिसं मळकट आणि निमुळती, मोठेपणीची रुंद, गडद, चकाकणारी. पंखात ती एकेक करत आतून बाहेर बदलत जातात. इथे आतली थोडीच नवी होती, बाकी सगळी फिकी, झिजलेली. तुरेही फिकट गुलाबी. अंड्यावर आलेल्या कोंबडीचा तुरा लालभडक असतो.

"लोक काय पिसं बघत बसणार आहेत?" साहेब म्हणाले.

"लोक अंड्यांची वाट बघणार आहेत, सर."

"प्रोग्रॅम पुढे ढकलता येणार नाही."

मी ओके दिलं नाही. संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलं. त्यांनी एकही पंख उघडून बघितला नाही. माझं डोकं सणकलं, पण कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी माइकवरून जाहीर झालं, "पंधरा दिवसांत घरोघरी अंडी!" टाळ्या पडल्या. वनिता नावाची बाई खुराडा सांभाळत माझ्याकडे आली. ती डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्रात दिवसभर उभ्यानं पोळ्या लाटायची.

"मॅडम, काम सोरलं मी. आता आंडीच इकीन."

"अगं, थांबायचं होतंस. अजून दोन महिने तरी अंडी नाहीत."

"माइकवर तं पंधरा दिस बोलले!"

"चुकीचं बोलले."

ती खुराड्याकडे बघत राहिली. "मंग तवर यांना घालू काय?"

 बाकीच्या बायकांनी महिन्याभरात कोंबड्या चिकनवाल्याला देऊन टाकल्या. वनितानं नेट धरला. घरातला भात, शेजारचं उरलंसुरलं घालून तिनं त्या जगवल्या. दोन महिने भरत आले आणि गटारी आली. श्रावण लागायच्या आधी सगळ्या गावाला कोंबडी हवी. दीर म्हणाले, आंडी देत नाय तं पोसतेस कशाला? सगळ्या कापल्या.

श्रावणात मी गावात गेले तेव्हा ती कामावर निघाली होती. त्याच केंद्रात. तिच्या पोळपाटावर आता दुसरी बाई होती, हिला भांडी घासायला ठेवलं होतं.

"मॅडम, कापल्यावं पोटान पिवल्या आंड्यांची माल निघाली," ती म्हणाली. "एकीच्या नाय, सगल्यांच्या. थोरं थांबले असते ना..."

अशी माळ म्हणजे अंड्यावर यायला आठ-दहाच दिवस उरलेले. 

साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, बायकांना चिकाटी नाही. मला त्यांची किळस आली, आणि तरी मी त्यांनी मागवलेला चहा प्यायले.

वयाचा माझा अंदाज बरोबर निघाला. तो सिद्ध झाला वनिताच्या पातेल्यात. इतक्या उशिरा बरोबर ठरण्याला ऑफिसात काही किंमत नसते, आणि तिच्या घरात तर मुळीच नाही.