‘गेट’चा पाढा

सावंत बाईंनी इंग्रजी शिकवलं, म्हणून आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. तालुक्याच्या शाळेत बाई आमच्याकडून इंग्रजी क्रियापदांचे पाढे म्हणवून घेत. प्रार्थना झाली की सगळा वर्ग एका सुरात म्हणे, “गेट म्हणजे मिळणे, गेट म्हणजे आणणे, गेट म्हणजे होणे, गेट म्हणजे समजणे.” एवढ्याशा शब्दात इतकं सगळं कसं मावतं, याचं मला नवल वाटे.

काल जिन्यात शेजारची पाच वर्षांची रेवा वडिलांवर रुसून बसली होती. “बाबा, गेट माय शूज. व्हाय आर यू गेटिंग अँग्री? यू डोन्ट गेट इट.”

वडील कौतुकाने मला म्हणाले, “बघा काका, मराठीत सांगितलं तर ऐकतच नाही.”

“ऐकेल हळूहळू,” मी म्हणालो, पण आतून जळत होतो. तिला एकही अर्थ आठवावा लागला नव्हता. मला मात्र आजही साहेबांसमोर आधी मनात पाढा म्हणावा लागतो, आणि तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं.

घरी येऊन मी बाईंना पत्र लिहिलं.

“बाई, आज मला एका लहान मुलीचा हेवा वाटला. अजून वाटतो आहे. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? आपल्या गावात इंग्रजी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे आमच्या आधी तो पाढा तुम्ही एकटीनेच म्हटला असणार. तेव्हा तुम्हाला कुणाचा हेवा वाटायचा?”