ओकिरोरची नळी

अमुगेच्या हातच्या अजोनला, म्हणजे नाचणीच्या दारूला, अख्ख्या कुमी गावात तोड नव्हती. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, आंबवायची, सगळं तीच करायची. अंगणात आंब्याखाली तिने मडकं मांडलं की म्हातारे आपापली लांब नळी काखोटीला मारून हजर. मडकं एकच. त्यात गरम पाणी ओतत राहायचं आणि भोवती बसून ज्याने त्याने आपल्या नळीने ओढायचं. जमिनीचे तंटे, पोरींची लग्नं, सगळं तिथेच ठरे. ज्याची नळी मडक्यात नाही त्याच्या शब्दाला काडीची किंमत नाही, मग तो अमुगेचा नवरा का असेना.

त्या नवऱ्याला, ओकिरोरला, मधुमेह निघाला. दवाखान्यातल्या नर्सबाईने बजावलं, "गोळी घेऊन उपाशीपोटी प्यायलात तर साखर एकदम उतरेल. अजोन सोडा बाबा." ओकिरोरने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

एके दिवशी गोळी घेऊन, न जेवताच तो मडक्यापाशी बसला. थोड्या वेळात त्याची जीभ अडखळू लागली, मग तो शेजारी बसलेल्या एजोकूच्या अंगावर कलंडला.

"चढली गड्याला!" एजोकू हसला. दोघे लहानपणापासूनचे जिवलग. "झोपू द्या, उतरेल." त्याने मित्राला सावलीत निजवलं, प्रेमाने वर कातडं पांघरलं आणि पुन्हा नळी तोंडाला लावली.

गरम पाणी घेऊन आलेल्या अमुगेने नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. घामाने निथळत होता, अंग गार.

"अरे मेल्यांनो, माझी अजोन मला ठाऊक नाही? एवढ्याशाने एवढी चढते होय!"

त्याला अजून गिळता येत होतं, तेवढाच आधार. टेकवून बसवत तिने साखरपाणी घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे नीट उघडले.

"रडतेस का गं?"

"तुझ्या नावानं रडतेय. म्हाताऱ्या, तू गेलास तर मी मडकं कुणासाठी लावू?"

त्याला पेज भरवून तिने दवाखान्यात नेलं. परतताना तो म्हणाला, "पिणं सोडतो. पण नळी काढली की जिवंतपणीच मेलो की गं मी." तो खोटं बोलत नव्हता.

पुढच्या मडक्याला ओकिरोर नळी घेऊन बसला. नळीच्या खालच्या टोकाची, चोथा गाळायची जाळी अमुगेने मेणाने गच्च बुजवली होती. तो पूर्वीसारखेच गाल आत ओढत होता आणि शेळीच्या भांडणात त्याचा शब्द पूर्वीसारखाच चालत होता.

मग तो लघवीला उठला. नळी सोडून जायची नसते, शेजाऱ्याच्या हाती द्यायची असते. त्याने ती एजोकूला दिली. एजोकूची जुनी खोड, मित्राच्या नळीतून एक घोट चोरायचा. त्याने ओढलं. काहीच आलं नाही. पुन्हा ओढलं आणि अमुगेकडे पाहिलं.

अमुगेला वाटलं, हा आता खदाखदा हसणार, की संपलं सगळं.

एजोकूच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. ते पांघरलेलं कातडं त्याला आठवलं असावं. ओकिरोर परतला तेव्हा त्याने नळी दोन्ही हातांनी त्याला दिली.

"वहिनी," एजोकू म्हणाला, "याच्या बाजूला पाणी जरा जास्त ओता. आज फार ओढतोय गडी."

अमुगेने ओतलं.