खंडेनवमीला हललेली वायर

आमच्या डेअरीत सकाळी दूध येतं, संध्याकाळी दूध येतं आणि मधल्या वेळेत साहेब मीटिंग घेतात. अशाच एका मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं की संगणक विभागाचे प्रमुख मार्चमध्ये निवृत्त होतायत, त्या खुर्चीवर बाहेरचा माणूस आणायचा नाही, आमच्या दोघांतलंच कुणीतरी बसेल. दोघं म्हणजे मी आणि अण्णा. अण्णा माझ्याच वयाचा, माझ्यानंतर चार वर्षांनी नोकरीला लागलेला, आणि अध्यक्षांच्या मेहुण्याचा साडू. हे शेवटचं मीटिंगमध्ये कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

"सकाळच्या वेळेला सर्व्हर बंद पडायचा थांबला पाहिजे," साहेब म्हणाले. "जो हे करून दाखवील त्याचं नाव मी वर सांगीन."

अण्णा माझ्याकडं बघून हसला. "आक्का करतील की, साहेब. मला त्या वायरीतलं काय कळत न्हाय."

मला ती खुर्ची हवी होती. अठरा वर्षं अनगोळहून निपाणी रस्त्याची बस धरून मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यामुळं मी कामाला लागले.

आमच्याकडं दूध काट्यावर चढलं की वजन आणि फॅट सर्व्हरवर जातं, तिथून पावती निघते आणि मगच गाडी रिकामी होते. पावती नाही तर गाडी उभी. सर्व्हर स्वतः कधी बंद पडत नव्हता. त्याच्यातून निघणारी एकुलती एक वायर, नाहीतर ती वायर जिथं जाते तो स्विच नावाचा डबा, या दोघांतलं कुणीतरी दगा द्यायचं. म्हणून मी सर्व्हरमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड बसवून घेतलं, वरच्या फळीवर दुसरा स्विच ठेवून तोही काट्याला जोडला आणि नव्या कार्डातून दुसरी वायर काढून त्यात लावली. दोन्ही कार्डांना मिळून एकच पत्ता. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं तयार बसायचं. सर्व्हर सारखा दोन्ही वायरी तपासत राहतो. पहिली गेली की तो दुसरीवर जातो, आणि कुठलीही तुटली किंवा जोडली की त्याला लावलेल्या सिमवरून माझ्या फोनवर मेसेज टाकतो. हे सगळं जुळवायला मला दोन दिवस लागले. त्याची चाचणी घ्यायची परवानगी मिळवायला दोन महिने.

"चालू सर्व्हरची वायर उपटणार तुम्ही?" साहेब दर वेळी विचारायचे. "दूध थांबतं का कुणासाठी?"

"न उपटता कसं कळणार साहेब, दुसरी चालते का ते?"

"चालेल. घातलीय म्हटल्यावर चालेल."

शेवटी खंडेनवमीचा दिवस मिळाला. त्या दिवशी सकाळचं दूध उतरलं की काटे, मशिनं, गाड्या धुऊन त्यांची पूजा होते आणि संध्याकाळपर्यंत कुणी कशाला हात लावत नाही. मी साडेनऊला साहेबांना सर्व्हरच्या खोलीत उभं केलं. काट्यावर पाण्याचा कॅन ठेवला. खालची वायर काढली, पावती निघाली. ती लावून वरची काढली, पावती निघाली. असं पाच वेळा केलं. साहेब म्हणाले, "छान." मी चाचणीच्या कागदावर सही केली, तारीख घातली.

मग पूजा झाली. आमच्या इमारतीत तीन बायका आहेत, आणि ताट, निरंजन, चिरमुरे-फुटाण्यांची पाटी हे आपोआप आम्हा तिघींकडं येतं. सगळा वेळ मी काट्यापाशी प्रसाद वाटत होते. सर्व्हरच्या कपाटाला झेंडूच्या माळा घालायचं काम अण्णानं घेतलं. मध्येच फोनवर मेसेज आला, वरची वायर तुटली. पाठोपाठ दुसरा आला, वरची वायर जोडली. सकाळपासून माझ्याच चाचणीचे असे वीसेक मेसेज येऊन पडले होते. हे दोन त्यांच्यातलेच समजून, वेळ न बघता, मी सगळे एकदम पुसले आणि फोन पर्समध्ये टाकला.

पुढं तीन आठवडे सर्व्हर रोज सांगत होता की दोन्ही वायरी चालू आहेत. खोटं बोलत नव्हता.

एका सकाळी साडेसातला खालचा स्विच जळाला आणि सगळं बंद पडलं. दोन्ही वायरी गेल्याचे मेसेज एकाच सेकंदाला आले. मी बसमध्ये, काकतीच्या पुढं. पोचले तेव्हा गाड्यांची रांग फाटकाच्या बाहेर रस्त्यावर गेली होती. सगळ्यांत पुढं कणकुंबीकडून येणारा टेंपो होता, सगळ्यांत लांबून येणारा. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता.

"आक्का, दोन-दोन वायरी घातल्यासा म्हणं," तो म्हणाला. "एक बी चालंना व्हय?"

"बघते."

"बघा सावकाश. दुधाचं दही झालं की तेबी तुमच्याच काट्यावर मोजू."

आत जाऊन बघितलं तर वरच्या स्विचमध्ये सर्व्हरची वायरच नव्हती. दोन्ही पिवळ्या वायरी खालच्या जळक्या स्विचमध्ये शेजारी-शेजारी खोचलेल्या, वाळक्या झेंडूच्या दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. एक वायर काढून वर लावली. पावत्या सुरू व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पण तोवर कणकुंबीच्या टेंपोतलं दूध तपासणीत नापास झालं होतं. ते सगळं परत गेलं.

सर्व्हर सगळं लिहून ठेवतो. मी पुसलेले मेसेजही त्याच्याकडं होते. खंडेनवमीला अकरा चाळीसला वरची वायर निघाली आणि चाळीस सेकंदांनी जोडली गेली. माझी चाचणी दहाच्या आत संपली होती. ऑफिसच्या ग्रुपवर त्या दिवशीचा फोटो होता. फुलांनी सजवलेलं कपाट, शेजारी अण्णा, आणि दोन्ही वायरी नीट बांधून खाली नेलेल्या.

कँटीनमध्ये मी त्याला विचारलं, "अण्णा, वायर तू हलवलीस?"

"व्हय की." त्यानं चहात बिस्कीट बुडवलं. "ती वरची वायर मधनंच लोंबत हुती आक्का, माळ बसंना. फोटूत लई घाण दिसत हुतं. खाली एक भोक मोकळं दिसलं, तिथं घातली. नंतर वर लावतो म्हटलं, राहूनच गेलं बघा."

"हे साहेबांना सांगशील?"

"त्यात काय सांगायचं? पूजेचंच काम केलं न्हवं मी?"

मग नोंदी छापून, फोटो घेऊन मीच साहेबांकडं गेले. त्यांनी दोन्ही बघितलं आणि बाजूला ठेवलं.

"वायर निघाल्याचा मेसेज कुणाला आला होता, मॅडम?"

"मला."

"चाचणीच्या कागदावर सही कुणाची?"

"माझी."

"मग देवाच्या दिवशी कुणी कुठं हात लावला याची चौकशी लावून मी काय करू? वाईट हेतूनं कुणी केलेलं नाही."

त्यांच्या पहिल्या दोन प्रश्नांची मी दिलेली उत्तरं खरी होती. माळा घालून झाल्यावर चाचणी घ्यायला हवी होती. मी आधी घेतली आणि मग ताट हातात घेतलं. तिसऱ्या प्रश्नाचंही उत्तर माझ्याकडं होतं, पण तो प्रश्न त्यांनी उत्तरासाठी विचारलाच नव्हता.

मार्चमध्ये आदेश लागला. अण्णानं खव्याचा कुंदा वाटला. ताजा होता, मी दोन चमचे घेतला.

खुर्चीवर बसून आठवडा झाला नाही तोच त्यानं मला बोलावलं. "आक्का, ते दोन वायरीचं कसं बघायचं ते तेवढं कागदावर लिवून द्या. साहेब मागाय लागलेत."

मी बारा मुद्दे लिहून दिले. कुठली वायर कुठं जाते, दिवा हिरवा दिसला तरी काट्यापर्यंत निरोप पोचतो का ते कसं बघायचं, मेसेज आला की वेळ वाचल्याशिवाय पुसायचा नाही. बारावा मुद्दा होता, पूजा, झाडलोट, रंगकाम, कशासाठीही कपाटाला हात लागला की त्यानंतर एक-एक वायर उपटून पुन्हा चाचणी घ्यावी.

संध्याकाळी तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. "बारावा काढतो, आक्का. साहेबांना टोमणा वाटंल."

"टोमणा नाही तो. बाकीचे अकरा त्याच्यावर उभे आहेत."

"असतील. पर वाटंल की न्हाय?"

कागद लॅमिनेट होऊन कपाटाच्या दारावर लागला. खाली 'तयार करणार' म्हणून अण्णाची सही आहे. त्यावर अकरा मुद्दे आहेत, आणि ते अकराही बरोबर आहेत. मला निवृत्तीला अजून सात वर्षं आहेत.