नवऱ्यासाठी धबधब्याचं पाणी

मेन कर्ती येतेय हे मला न बघताच कळतं. आधी तिचे गुडघे वाजतात, मग ती दिसते. कर्तीची आई म्हणून मेन कर्ती. तिचं स्वतःचं नाव गावात आता कुणाला आठवत असेल तर शपथ. बावीस वर्षं ती पाहुण्यांना धबधब्यापर्यंत नेते-आणते. खाली उतरायला तीनशे चाळीस पायऱ्या, आणि वर यायलाही तेवढ्याच, हे पाहुण्यांच्या खाली पोचल्यावर लक्षात येतं. मीही त्याच धंद्यातली, पण मी दिवसाला एकच फेरी करते. ही दोन करते, आणि कुणी मागितलीच तर तिसरीही. नाही म्हणायला ही बाई शिकलीच नाही.

यंदा पाच वर्षांनी गावाचं सामुदायिक दहन निघालं. तोवर आमची मेलेली माणसं पुरलेली असतात, मातीत वाट बघत पडतात. मेन कर्तीच्या नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती. दहनाला धबधब्याचं पाणी लागतं, आणि त्याची एकच अट असते: मडकं एकदा भरलं की घरच्या देवळापर्यंत कुठेही टेकवायचं नाही. बहुतेक घरांत हे काम पोरंच करतात.

"कर्तीला पाठव की," मी म्हटलं. "तुझ्यात काय राहिलंय आता?"

"मीच आणणार."

तिच्यापुढे डोकं आपटून उपयोग नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून सोबत गेले.

खाली तिने नैवेद्य ठेवला, मडकं भरलं, पांढऱ्या फडक्याने तोंड बांधून डोक्यावर घेतलं. वर येताना दर वीस पायऱ्यांना थांबत होती. दोनशेच्या आसपास, कठडा तुटलाय तिथं, वरून एक गोरी बाई उतरत होती. बरोबर वाटाड्या नाही, पायात गुळगुळीत चपला. शेवाळावरून सटकत सटकत कडेला जाऊ लागली. मेन कर्तीने मडकं पायरीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तिला धरलं. बावीस वर्षं हेच करत आली होती, तिच्या हातांनी तिला विचारलंसुद्धा नाही.

बाई आभार मानून खाली गेली. आम्ही दोघी मडक्याकडे बघत राहिलो. एक थेंब सांडला नव्हता.

"उचल," मी म्हटलं. "मी काही बघितलेलं नाही."

"मी टेकवलं ना."

"अगं, तो मेलाय. त्याला काय कळतंय?"

ती पायरीवर बसली. "शेवटच्या आठवड्यात म्हणाला, धबधब्याच्या पाण्याने अंग पुसून दे. एक बाटली आणायची होती गं. त्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या होत्या, पाय उचलत नव्हते. म्हटलं, उद्या आणते. पहाटे गेला."

मग तिने फडकं सोडलं, पाणी लवंगेच्या झाडाला घातलं आणि परत खाली निघाली. मला इतका राग आला, तिचा, त्या चपलावालीचा, मेलेल्या माणसाचासुद्धा. तोंडाने बडबडत मागोमाग उतरले.

दुसऱ्यांदा वर येताना शेवटच्या शंभर पायऱ्यांशी तिचे गुडघे वाकेचनात. ती वळून उताराकडे तोंड करून बसली. उजव्या हाताने डोक्यावरचं मडकं धरलं, डावा हात मागच्या पायरीवर टेकवला आणि बुडाने एकेक पायरी वर सरकू लागली.

"मी धरू का मडकं?"

"हात लावू नकोस."

पाहुणे वाट सोडून बाजूला उभे राहत होते. एकाने हात जोडले. हाही विधीच का, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, हो, आमच्यात असंच असतं. काय सांगणार त्याला?

वर पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. देवळाच्या दारात तिची नणंद उभीच होती. "सकाळी गेली होतीस ना? झोपलीस की काय तिथं?" आम्हा वाटाड्यांच्या पाळ्या लावणारा पान मुद्रा, म्हणजे मुद्राचा बाप, जवळ आला. "उद्या तुझ्या दोन फेऱ्या लावू ना?"

"नको लावूस," ती म्हणाली. "आता नाही जाणार मी खाली."

कर्तीने तिच्या डोक्यावरून मडकं उचलून आत नेलं. मेन कर्तीचा उजवा हात तसाच वर राहिला, तिला तो खाली घेता येईना. मी तिला देवळाच्या पायरीवर बसवलं, हात कोपराला धरून हळूहळू खाली आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला.