भोंगामामा आणि आईची मोटार

भोंगामामाला गुपित सांगायचं असलं की तो आधी दार लावून घ्यायचा, मग आपल्या कानाशी तोंड आणायचा आणि मग जे सांगायचा ते चार गल्ल्यांना ऐकू जायचं. तो माझा सख्खा मामा, आईचा थोरला भाऊ. कर्जतजवळ त्याची शेती होती. त्याला दोन्ही कानांनी काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं आणि आपल्याला येत नाही म्हणजे दुसऱ्यालाही येत नसणार, असा त्याचा पक्का समज होता. साखर कारखान्याचा भोंगा बंद पडला तर ह्याला तिथं उभा करा, असं गावात म्हणायचे. त्यावरून हे नाव पडलं. चिडणं दूरच, तो स्वतःची ओळखही त्याच नावानं करून द्यायचा.

कान कसे गेले ते सांगायला त्याला फार आवडायचं. "छातीचा आजार झालता. डॉक्टरनं रोज एक सुई दिली, आजार बरा झाला. मंग एक दिस सकाळी कोंबडा आरवंना. म्हनलं म्हातारा झाला, कापून खाल्ला. मंग कुत्रं भुकंना. त्याला कायतरी बाधलं म्हनून हळद पाजली. आन मंग चार दिस तुजी मामी एक शबूद बोलंना, तवा मला संशव आला!" मामी दर वेळी पदर तोंडाला लावून हसायची. कोंबड्याबद्दल मात्र मामाला कायम वाईट वाटत राहिलं.

आम्ही त्याच्याशी पाटीवर लिहून बोलायचो. सातवीपर्यंत शिकलेला होता, वाचायचा झरझर. भांडण नको असलं की पाटी उलटी करून मांडीखाली ठेवायचा. अशा माणसाशी भांडून जिंकणं कुणालाही शक्य नव्हतं, मामीलासुद्धा.

त्याची आई आणि एक मावशीही अशाच बहिऱ्या झालेल्या. गाव म्हणायचं, करणी. मामा म्हणायचा, सुई. गावातला डॉक्टर हसायचा, कारण तीच सुई घेऊन अख्ख्या तालुक्याचे कान शाबूत होते. शेवटी पुण्याहून कानांच्या तपासणीला एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळ्या घराची चौकशी केली, मामाचं रक्त पुण्याला पाठवलं आणि काही महिन्यांनी पाटीभर लिहून दिलं. पेशींमध्ये शक्ती तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक भाग असतात, ते आईकडून येतात. तुमच्या ह्या भागांत एक बदल आहे. एरवी कळतही नाही, पण त्या सुईच्या जातीची औषधं मिळाली की कान जाऊ शकतात. आई हा बदल सगळ्या लेकरांना देते, बाप देत नाही.

मामानं तीनदा वाचलं. मग म्हणाला, "म्हंजी हिरीवरच्या पंपावानी आईनं दिलेली मोटार हाय. चालती ब्येस. ती सुई पडली की जळती." बाई म्हणाल्या की इतकं सोपं त्यांनाही कधी सांगता आलं नव्हतं. त्यांनी औषधांची नावं एका कागदावर लिहून दिली आणि पाटीवर पुढं लिहिलं, 'असे बदल वाटतात त्यापेक्षा पुष्कळ घरांत असतात. बहुतेकांना जन्मभर पत्ताच नसतो.' हे शेवटचं वाक्य मामाच्या डोक्यात बसलं.

त्याच वर्षी वंशावळ वाचणारा भाट गावात आला. मामानं त्याला पार घाम फोडला. "तुज्या वहीत माज्या आज्याच्या आज्याचं नाव हाय, आन माजी आई कुठाय? तिची आई कुठाय?" भाट म्हणाला, बायकांची नावं वहीत नसतात. मामानं दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि फक्त लेकींची वंशावळ मांडायला घेतली. मग त्याच्या आईच्या बहिणींच्या लेकी, त्यांच्या लेकी, जिथं दिल्या असतील तिथं एसटीनं जायचा आणि उंबऱ्यातूनच सांगायचा, "तुमच्या सुनंला आन नातवंडांना ती सुई द्यायची न्हाई, त्यांच्यात आमची मोटार हाय!" एका घरातून त्याला चहासुद्धा न देता परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला.

आईला घोर लागला तो माझ्या लग्नाचा. बहिऱ्यांचं घराणं म्हणून बोभाटा झाला की पोरगी घरात राहणार. केडगावला आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी तिनं पाटीवर ठळक लिहिलं, 'दादा, आज एक शब्द बोलायचा नाही.' मामानं मान हलवली. पोहे झाले, मला प्रश्न विचारून झाले. मग मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "मुलीचे मामा काय करतात?" सगळे मामाकडे बघायला लागले. आपली पाळी आली असं समजून तो उभा राहिला. "पोरगी गुनाची हाय. सैपाक करती, कालिजात शिकती. फकस्त तिला कंदी ती सुई द्यायची न्हाई. तिला न्हाई, तिच्या लेकरांना न्हाई." आणि खिशातून औषधांचा कागद काढून त्यानं मुलाच्या वडिलांच्या हातात दिला.

पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. आई रडली. मीही मामाशी बोलले नाही, म्हणजे पाटी हातात घेतली नाही. मला त्याचा मनापासून राग आला होता.

पाचव्या दिवशी मुलाची आई एकटीच दारात उभी. मामा अजून मुक्कामालाच होता. तिनं स्वतः पाटी मागितली आणि लिहिलं, 'राहुरीला माझा भाऊ असाच इंजेक्शननं बहिरा झाला. घरात सगळे माझ्या आईला अवदसा म्हणतात. माझ्या लेकालाही जपायचं का?' मामा वाचत राहिला. त्याचे डोळे भरून आले. मग तो तिच्याकडे वाकला आणि हळूच म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, भावाला पुन्याच्या डॉक्टरीनबाईंकडं न्यावं लागंल. लेकाला बी जपा. पर त्यो पुढं कुनाला देनार न्हाई. आन तुमच्या आईचा काय बी दोष न्हाई!"

तिच्या भावाच्या रक्तात तोच बदल निघाला. आमचं लग्न ठरलं. पत्रिका कुणी बघितलीच नाही. मोटार जुळली म्हणून मामानं स्वतःच वरातीत बँडपुढं नाच केला, अर्थात बँडच्या तालाशी काहीही संबंध न ठेवता.

पुढं मामा गेला. माझी मुलगी पाच वर्षांची असताना तापानं फणफणली आणि तिला दवाखान्यात ठेवलं. नर्स ट्रे घेऊन आली. मी बाटलीवरचं नाव वाचलं. ते मामाच्या कागदावर होतं; सासऱ्यांच्या हाती दिलेला तो कागद लग्नापासून माझ्या पर्समध्ये असायचा. आयुष्यात मी कुणावर आवाज चढवला नव्हता, पण त्या वॉर्डात जो आवाज निघाला तो ऐकून टोकाच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "ती सुई द्यायची न्हाई!"

डॉक्टर धावत आले, कागद पाहिला आणि औषध बदललं. मी मुलीजवळ बसले. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

"आई," ती कुरकुरली, "हळू बोल ना. मला ऐकू येतं."